सूबे

पहिला शब्द कळला तो गाडी थांबल्यावर.
काच खाली करून म्हातारा म्हणाला, सूबे!
चढ, एवढाच अर्थ.
मला मात्र शेवटचा ‘बे’ तेवढा ऐकू आला,
अशोक चौकातल्या चहाच्या गाड्यावरचा,
‘काय बे, कुटं चाललास’ मधला,
आणि परक्या मुलखात मी
घरच्यासारखा आत जाऊन बसलो.

त्याचं नाव एउसेबियो. मागं खरबुजं.
माझ्याकडं साठेक शब्द,
त्यातले वीस मागाचे. धोटा, ताणा, बाणा, तेल.
कारखान्यात सहा महिने तेवढ्यावर भागलं होतं.
रस्त्यावर भागेना.
रस्त्यावरची माणसं विचारतात,
आई आहे का,
तुमच्याकडं विहिरीला पाणी किती हातावर लागतं.
मी म्हटलं, दमलोय. एस्तोय कासादो.
त्यानं हॉर्न वाजवला. लांबलचक.
पुढच्या वळणावर गाडी थांबवून
एक खरबूज काढलं, माझ्या मांडीवर ठेवलं.
बायकोला दे.

दोन दिवसांनी कुणीतरी सांगितलं, एक न् गळाला होता.
दमलेला म्हणायला गेलो
आणि लग्न झालेला म्हणून बसलो.
खरबूज तोवर संपलं होतं.

असा शिकलो. अंगठा दाखवत.
मिलाग्रोस, गुरांची डॉक्टर,
तिच्या जीपला शेणाचा आणि आयोडीनचा वास.
ती म्हणाली, आमच्यात ‘आहे’ दोन आहेत.
मी सोलापूरचा आहे, यातला कुठला?
पहिला.
मी रस्त्यावर आहे?
दुसरा. आणि खिडकी लाव, धूळ येतेय.
अजून कुठं आयोडीन सांडलं
की दोन्ही क्रियापदं आठवतात.

एकजण ऐंशी किलोमीटर काहीच बोलला नाही.
त्याच्याकडून गप्प बसायला शिकलो,
तेही स्पॅनिशमध्येच.

एका पेट्रोल पंपावर तोंड धुतलं,
टॉवेल उलटा करून लेबल बघितलं.
आपला नव्हता.
तरी दोनदा बघितलं.

आता परत एमआयडीसीत, पहिली पाळी.
मागांच्या खडखडाटात कधी एकटाच बोलतो,
कुणाला ऐकू जात नाही म्हणून बरं.
स्वस्तातल्या चादरीचा रंग पहिल्या धुण्यात जावा
तसे शब्द चाललेत.
कुणाशी बोलायचं?
म्हणून रविवारी गाडी काढतो, अक्कलकोट रोडला लागतो,
कुणी हात केला की थांबतो.

परवा वळसंगच्या फाट्यावर एक आजोबा.
डोक्याला पटका,
छातीशी दुरुस्त करून आणलेलं मिक्सरचं भांडं.
त्रेचाळीसचं ऊन.
तोंडात सूबे आलं होतं. गिळलं.
त्यांचं सगळं कन्नड.
आमच्या घरात तेलुगू, गल्लीत मराठी,
शेजारची भिंत कन्नड,
आणि एकतीस वर्षांत त्या भिंतीतून मी उचललं काय,
तर चार शिव्या आणि ‘ऊटा आयता’.
तेरुएलच्या खरबूजवाल्याशी बोलण्यासाठी
रात्र रात्र वही भरली होती मी.

धीर करून म्हटलं, हत्तु.
आजोबा चढले नाहीत.
उन्हात उभं राहून आधी त्यांनी मला शिकवलं.
हत्तु पोराटोरांना. मोठ्या माणसाला हत्रि.
आणि हत्तु म्हणजे दहा पण होतं,
दहा रुपये मागतो का काय रे?
म्हटलं, हत्रि.
मग बसले, भांडं आमच्या दोघांच्या मधे धरून.

कुंभारीपर्यंत ते बोलत होते.
वारा अर्धं खात होता, उरलेल्यातलं अर्धं मला कळत नव्हतं,
मी आपला हौद, हौद.
मधेच मान मागं वळवून विचारलं,
दमलोय याला काय म्हणायचं?
दणदीनि, ते कानात ओरडले.
एक ण, एक न.
दोन्ही नीट म्हणून बघितले,
एकही गाळला नाही,
आणि पुढं बघ, पुढं बघ म्हणून
त्यांनी पाठीवर भांड्यानं ढोसलं.
हे मराठीत.